स्वप्नांचे जिनिंग-प्रेसिंग

अबोध मनाचा कारखाना रात्रपाळीत चालतो. दिवसाचा किरकोळ माल, लहानपणापासून मनात दाबलेल्या इच्छा आणि क्वचित जेवणानंतरची जादा भजी असे सगळे आत जाते. पहाटे आवळलेली एक गाठ बाहेर पडते. फ्रॉइड या दाबकामाला संक्षेपण म्हणतो. खामगावात ते फोडून सांगावे लागत नाही. 1870 साली जलंबहून जेमतेम 13 किलोमीटरचा रेल्वेफाटा इथे आला तो कापसासाठीच, आणि 170 किलोची गाठ सोडली की खोली कशी भरते हे प्रेसमधल्या हमालालाही ठाऊक असते. स्वप्न अर्ध्या पानाचे असले तरी त्याचा उलगडा सहा-आठ पट जागा खातो, हे फ्रॉइडचे निरीक्षण त्याच जातीचे.

मतभेद आहे तो सरकीबद्दल, म्हणजे आतल्या अर्थाबद्दल. स्वप्नात नाग आला, तर व्हिएन्नाचा डॉक्टर माणसाला मागे पाळण्यापर्यंत नेतो. पानठेल्यावरचा जाणकार पुढे, मटक्याच्या रात्रीच्या क्लोजपर्यंत. “फणा काढेल व्हता का तसाच पडेल व्हता, भाऊ?” हा त्याचा पहिला प्रश्न. पद्धत तीच, निष्कर्षाला मात्र आकडा असतो. मटका बेकायदा आहे, पण त्याचे कूळ कापसाचेच: 1961 पर्यंत मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर पैसे लागत, ते बंद झाले आणि आकडे मडक्यात शिरले. दडपलेले वेगळ्या वेषात परत येते, या सिद्धांताला याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण.

गाडी हुकल्याचे स्वप्न फ्रॉइडच्या मते दिलासा देणारे असते: प्रवास म्हणजे मरण, तेव्हा हुकली ते बरेच झाले. जलंबला जागेपणी गाडी हुकलेल्या माणसाला हे ऐकवू नये.

फ्रॉइडच्या स्वप्नांवरच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीच्या 600 प्रती खपायला आठ वर्षे लागली. पाल अंगावर पडल्याचे फळ सांगणाऱ्या पंचांगावर अशी वेळ आल्याचे ऐकिवात नाही.

राहिला युंग. शहाणा म्हातारा हा त्याचा आदिबंध जगभरच्या स्वप्नांत हिंडतो. खामगावात तो चिलीम घेऊन येतो आणि त्याचा पत्ता जवळच्या शेगावचा असतो. याला स्वप्न म्हणत नाहीत, दृष्टांत म्हणतात. दृष्टांताचा अर्थ लावत बसायचे नसते. गुरुवारी पिठलं-भाकरीचा नैवेद्य बांधून निघायचे असते.