साडेचारची बोट

निवृत्त मास्तराला आराम कर म्हणून कुणी सांगू नये. तो आरामाचंही वेळापत्रक करतो. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. एका रेखावृत्ताला चार मिनिटं, पंधराला एक तास, पूर्वेकडे गेलं की घड्याळ पुढे, हे पोरांकडून घोकून घेण्यात माझी हयात गेली. त्यामुळे अमेरिकेतल्या चिरंजीवांनी जानेवारीत मायामीहून कॅरिबियन क्रूझची तिकिटं काढून दिली, तेव्हा हिने उन्हाच्या टोप्या घेतल्या आणि मी नकाशा.

बोट सेंट मार्टिनला लागली. बेट जेमतेम 87 चौरस किलोमीटरचं, पण उत्तरेला फ्रेंच आणि दक्षिणेला डच. ही वाटणी 1648 सालची. दंतकथा अशी की एक फ्रेंच आणि एक डच गडी एकाच जागेवरून उलट दिशांना किनाऱ्याने चालत सुटले आणि जिथे भेटले तिथे हद्द ठरली. फ्रेंचाने वाटेत वाइन घेतली, डचाने जिन, म्हणून डचांना जमीन कमी मिळाली. आमच्याकडे हातभर बांधासाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. त्यापेक्षा हे बरं.

धक्क्यावरून छोट्या होडीने पलीकडे फिलिप्सबर्गला गेलो. पांढरी वाळू, काचेसारखं पाणी, आणि भाड्याने दोन खुर्च्या, एक छत्री. आता या खुर्चीबद्दल. तिच्या पाठीला मागे खाचा असतात, त्यात दांडी अडकवून आपल्याला हवा तेवढा कल द्यायचा. मी पहिल्या खाचेत बसलो तर परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा ताठ. दुसरीत दांडी बसली असं वाटलं, म्हणून अंग टेकलं, तर थेट आडवा, पाय आभाळात. शेजारच्या गोऱ्या आजींनी पुस्तकातून डोकं वर न काढता हात लांब करून दांडी बसवून दिली. समोर पेलिकन पक्षी पंख मिटून दगडासारखे पाण्यात कोसळत होते आणि मासा घेऊन वर येत होते. तेही आराम करत नव्हते, एवढाच मला दिलासा.

पण माझं सगळं चित्त बोटीवर. ती खाडीच्या टोकाला धक्क्याला लागलेली तिथूनही दिसत होती. साडेचारच्या आत परत या, असं पत्रकात बजावलं होतं. उशिरा आलेली जोडपी धक्क्यावरून ऊर फुटेस्तोवर धावताहेत आणि बाल्कनीतले लोक टाळ्या पिटताहेत, असे व्हिडिओ चिरंजीवांनी आधीच पाठवले होते. कंपनीच्या सहलीला गेलात तर बोट थांबते, आपापले भटकलात तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठा. आमचे पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत!

फोनमध्ये अडीच वाजले. मी मनातल्या मनात फळ्यावर गणित मांडलं. मायामी 80 पश्चिम, हे बेट 63 पश्चिम. सतरा रेखावृत्तं पूर्वेला, म्हणजे इथे घड्याळ तासभर पुढे. फोन विमान मोडवर, म्हणजे तो अजून मायामीतच. म्हणजे इथे वाजले साडेतीन! आणि बंदरात उभी असलेली बोट बंदराच्याच वेळेने सुटणार, हे उघड आहे.

"अगं ऊठ, तासच राहिलाय."

"अहो, माझ्या घड्याळात दीड वाजलाय."

"बंद पडलं असेल."

"चालतंय की. मी हातच लावला नाही त्याला."

वाद घालायला वेळ नव्हता. गावाकडे एस.टी.च्या पायरीवर एक पाय ठेवून "माणूस येतंय" म्हणत गाडी धरून ठेवण्यात माझा हातखंडा होता. त्याच हिशेबाने, तू मागून ये, मी बोट धरतो, असं सांगून मी निघालो. अंगावर अर्धी चड्डी आणि बनियन, गळ्यात बोटीचं कार्ड, एका पायात चप्पल. होडीच्या परतीचा पट्टा मनगटाला होता म्हणून बरं. धक्क्यावर उतरलो आणि तो अख्खा लांबलचक धक्का पळत काढला. बाल्कन्यांत टाळ्या वाजवायलासुद्धा कुणी नव्हतं.

फाटकावरच्या रखवालदाराने माझं कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं, आणि शांतपणे भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दोनला दहा कमी. बोटीवर मायामीचीच वेळ चालते, हे पत्रकात वरच ठळक छापलं होतं. आणि माझ्या फोनने किनाऱ्यावरच्या हॉटेलचं वायफाय पकडून सकाळीच स्वतःचं घड्याळ पुढे केलं होतं. म्हणजे पुढे गेलेल्याला मी आणखी पुढे ढकललं. नववीच्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी पालकांना बोलावलं असतं.

परत जायला हरकत नव्हती, पण जिवात जीव नव्हता. वरच्या डेकवरून आमची निळी छत्री दिसत होती. तिच्याखाली दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या.

ही चारला आली. चालीत घाई नाही, हातात एक चप्पल आणि एक चकचकीत पिशवी.

"फ्रंट स्ट्रीटवर सगळी सोन्याची दुकानं हो! एक सिंधी भाऊ निघाले मूळचे उल्हासनगरचे. मराठीत बोलले, बसायला खुर्ची दिली, चहा पाजला. तुम्ही बरोबर नाही म्हटल्यावर म्हटलं, आज घड्याळ बघायला नको."

पिशवीत दोन बांगड्या होत्या.

"पैसे कुठून दिलेस?"

"तुमचं पाकीट माझ्याच पर्समध्ये होतं ना," ती म्हणाली, "घ्या, चप्पल घाला."