मशीनशेठ

मशीनशेठ ओळखायला सोपा असतो. बारशात, सोसायटीच्या सभेत, प्रसंगी वैकुंठ स्मशानभूमीत उभा असतानाही त्याच्या खिशातला मोबाइल 'टिंग' करतो. तो हळूच पडद्यावर नजर टाकतो आणि शेजारच्याच्या कानाशी लागून सांगतो, "हिंजवडीत चिक्की गेली." वैकुंठात हे ऐकणारा बिचारा चिक्की म्हणजे मयताच्या नात्यातलीच कुणीतरी समजून पुन्हा एकदा हात जोडतो.

चिक्की गेलेली असते ती मशीनमधून. काचेमागे स्प्रिंगांच्या रांगा, वेटोळ्यांत अडकवलेले वेफर्स, बिस्किटं, थंड बाटल्या. मोबाइलवरून पैसे भरायचे, नंबर दाबायचा, स्प्रिंग गरकन फिरते आणि पाकीट खालच्या खणात पडतं. अशी तीन-चार मशीनं पुण्यात ठिकठिकाणी उभी करून 'आपला धंदा आपोआप चालतो' असं सांगत हिंडणारा मध्यमवर्गीय गृहस्थ म्हणजे मशीनशेठ. नाव सोसायटीने ठेवलेलं. सुरुवातीला त्याला ते आवडतंही.

वय पन्नाशीच्या आसपास. उमेदीची वर्षं बँकेच्या काउंटरमागे नाहीतर कुठल्याशा कंपनीच्या एचआर खात्यात गेलेली. थोडक्यात, माणसं ऐकून ऐकून कान किटलेले. स्वेच्छानिवृत्ती घेताना त्याने एकच पण केलेला असतो: धंदा करायचा, पण त्यात माणूस नको. वडापावची गाडी टाकली की 'जरा चटणी जास्त घाला' आलं. किराणा म्हटलं की उधारी आली. पोळीभाजी केंद्र म्हटलं की पोळ्या लाटणाऱ्या मावशी आणि त्यांच्या दांड्या आल्या. मशीन दांडी मारत नाही, उधार देत नाही, चटणी ठेवत नाही. शिवाय आपण रात्री घोरत असताना ते विकत असतं. हे शेवटचं वाक्य तो इतक्यांदा ऐकवतो, की एकदा बायको म्हणालीच, "अहो, घोरण्याचे पैसे मिळत असते तर तुम्ही मशीन न घेताच करोडपती झाला असतात."

शंकेखोरांसाठी त्याच्याजवळ जपान असतो. जपानात चाळीस लाखांच्या आसपास मशीनं आहेत. गल्लीच्या तोंडाशी, देवळापाशी, भर रस्त्यात उघड्यावर रात्रभर उभी असतात, आणि गरम कॉफी नि थंड चहा एकाच मशीनमधून मिळतो. हे सगळं खरं आहे. मशीनशेठ जपानला गेलेला नसतो, हेही खरं आहे. घरात रेल्वेतून निवृत्त झालेले सासरे असतात. ते पेपर खाली ठेवून म्हणतात, "जावईबापू, आमच्याकडे मुंबईला तिकिटांची मशीनं लावली ना, एटीव्हीएम, ती लोकांना चालवता येईनात. मग आमच्यातलीच रिटायर झालेली मंडळी कमिशनवर मशीनपाशी उभी केली. आता लोक म्हणतात, 'काका, एक ठाणे रिटर्न', आणि काका बटणं दाबतात." जावईबापू हसतात. सासरेबुवांना टेक्नॉलॉजी कळत नाही असं त्यांना वाटतं. सासरेबुवांना टेक्नॉलॉजी चांगलीच कळत असते.

पहिलं मशीन दसऱ्याच्या मुहूर्तावर एका खासगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्टशेजारी बसतं. दोन-अडीचशे किलोंचा तो ऐवज टेंपोतून उतरवताना मशीनशेठ हमालांना "काच, काच" असं सारखं बजावत असतो. झेंडूचा हार घातला जातो, नारळ फुटतो आणि मशीनशेठची आई बोट भरून हळदकुंकू लावते, ते नेमकं नंबरांच्या बटणांवर. कुंकू 'चार'च्या फटीत शिरतं आणि चारचं बटण त्या दिवसापासून दबत नाही. चौदा नंबरच्या स्प्रिंगेतला खजूर-बार त्यामुळे कायमचा अवध्य होतो.

दुसरं मशीन तो काटकसर म्हणून सेकंडहँड घेतो. त्याच्या नोटा ओळखणाऱ्या तोंडाला २०१६ची नोटबंदी कुणी कळवलेलीच नसते. पुढच्या तीन वर्षांत दहापासून पाचशेपर्यंत सगळ्या नोटांचे रंग बदलले, लांबी आखूड झाली. मशीन मात्र जुन्या नोटेवरचा विश्वास सोडायला तयार नसतं. नवी नोट आत गेली की ते क्षणभर विचार करतं आणि फर्रकन परत करतं. एखादी आजी तीच नोट पदराला पुसून, सरळ करून, उलटी करून पुन्हा पुन्हा घालते आणि शेवटी मशीनला म्हणते, "नको तर नको बाबा."

मग हिशेब सुरू होतो. जपानात मशीनमधली बाटली दुकानापेक्षा महाग पडली तरी कुणी हूं की चूं करत नाही. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यावर एक रुपया जास्त घेणं बेकायदा आहे. म्हणजे वीस रुपयांच्या वेफर्सवर दुकानदाराचे म्हणून जे दोन-तीन रुपये सुटतात, त्यांतूनच जागेचं कमिशन, वीज, मशीनमधलं सिमकार्ड, पेट्रोल आणि दुरुस्ती भागवायची. रात्रपाळीच्या रखवालदाराची मर्जीही त्यातच आली, कारण मोबाइल चार्जिंगला लावायचा झाला की तो मशीनचा प्लग काढतो. सकाळी मशीनशेठ दार उघडतो तेव्हा चॉकलेटं वितळून, पुन्हा घट्ट होऊन स्प्रिंगेच्या आकाराची झालेली असतात. रखवालदार म्हणतो, "साहेब, दहाच मिनिटं काढला होता."

मशीनवर 'तक्रारीसाठी संपर्क' असं लिहून खाली त्याने स्वतःचाच नंबर चिकटवलेला असतो. माणूस ठेवायचा नसल्याने दुसरा नंबर आणणार कुठून? फोन येतात ते असे:

"हॅलो, पैसे कटले, पाकीट लटकलंय."

"कुठून बोलताय?"

"मशीनपाशीच उभाय."

"कुठल्या मशीनपाशी?"

"तुमच्याच."

मशीनशेठ अनुभवाने शहाणा झालेला असतो. तो सुचवतो, "त्याच नंबरचं अजून एक घ्या. मागचं पुढच्याला ढकलेल, दोन्ही पडतील."

पलीकडून थोडा वेळ शांतता. मग, "म्हणजे माझ्या पैशांनी तुमचं मशीन दुरुस्त करायचं?"

एक मशीन कॉलेजच्या होस्टेलमध्ये असतं; तिथले फोन रात्री साडेअकरानंतर येतात. त्यांत गांभीर्य नसतं, पण निरीक्षण असतं. "काका, तेवीस नंबरमध्ये पाल आहे. कितीला?"

धंदा बुडत नाही, हे इथे सांगायला हवं. दर महिन्याला थोडेफार पैसे उरतात. बुडाला असता तर मशीनशेठला लोकांना सांगायला एक चांगली गोष्ट तरी मिळाली असती. त्याची उमेद जाते ती धंदा बरा चालू असताना, आणि म्हणूनच ती का गेली हे त्याला घरी समजावता येत नाही.

संकटाने तर ती मुळीच जात नाही. मार्च २०२०मध्ये लॉकडाउन लागला, हिंजवडीतली ऑफिसं ओस पडली आणि मशीनमधला माल तारखा मोजत पडून राहिला. तेव्हाचे मशीनशेठ खटपट करून परवानगी काढून गेले, पोत्यांतून माल घरी आणला आणि खराब व्हायच्या आत सोसायटीत वाटून टाकला. नुकसान झालं, पण त्या दिवसांत त्यांच्याइतका खुशीत असलेला माणूस सोसायटीत दुसरा नव्हता. मुलं जिन्यात वाट बघायची. गॅलऱ्यांतून हाका यायच्या, "मशीनशेठ, आज काय आणलंत?"

उमेद जाते ती मशीन भरताना. रात्री नऊनंतर, हॉस्पिटलची भेटीची वेळ संपल्यावर, तो काचेचं दार उघडून ट्रे बाहेर ओढतो. जुना माल पुढे, नवा मागे. प्रत्येक पाकिटाची तारीख ट्यूबलाइटच्या उजेडात धरून बघायची, प्रत्येक पाकीट स्प्रिंगेच्या एकेका वेढ्यात उभं खोचायचं. तिरकं राहिलं की लटकणार आणि फोन येणार. गुडघे टेकून हे सगळं करत असताना कॉरिडॉरमधून लोक जात असतात. कुणी त्याला वॉर्डबॉय समजतं, कुणी इलेक्ट्रिशियन. मालक कुणीच समजत नाही. मध्येच एखादे गृहस्थ विचारतात, "भाऊ, एक्स-रे कुठं आहे हो?" आणि मशीनशेठ अर्धं भरलेलं मशीन तसंच टाकून त्यांना एक्स-रेपर्यंत सोडायला जातो. वाटेत पेशंट कोण, काय झालं, डॉक्टर कुठले, सगळी चौकशी होते. परत येतो तेव्हा चेहरा जरा उजळलेला असतो. मग पुन्हा ट्रे समोर येतो.

पुढे फेऱ्या लांबायला लागतात. 'आज पाऊस आहे' म्हणून हिंजवडी राहते, 'कॉलेजला सुट्ट्या लागल्या' म्हणून होस्टेल राहतं, 'पितृपक्षात कोण वेफर्स खातंय' म्हणून हॉस्पिटल राहतं. वेफर्स आणि चिक्की आधी संपतात, मग बिस्किटं, मग पाणी. शेवटी प्रकाशमान काचेमागे खजूर-बार तेवढे उरतात. ॲपवर लाल खुणांची रांग लागलेली असते. 'टिंग' त्याने केव्हाच बंद करून ठेवलेलं असतं.

मशीनमध्ये माल नसतो त्या काळात घरात तो भरपूर असतो. तारीख जवळ आलेली पाकिटं डिकीतून वर येतात. डब्यात भाजके मखाणे, संध्याकाळी नाचणीचे चिप्स, पाहुण्यांना ट्रेमधून तीन चवींचे एनर्जी बार. पोरगं वैतागून विचारतं, "आई, आपल्या घरी साधे पोहे कधी करणार?" सासरे कवळी सांभाळत बदामाचा बार चघळतात आणि म्हणतात, "बाकी काही म्हणा जावईबापू, पॅकिंग चांगलं आहे."

हॉस्पिटलच्या फाटकासमोर चहाची टपरी असते. मशीन भरून झालं की मशीनशेठ तिथे येऊन बसतो. टपरीवाला पहाटे पाचपासून उभा असतो. त्याला दूधवाल्याशी भांडायचं असतं, पालिकेची गाडी आली की सामान आवरायचं असतं, चौघांची उधारी वसूल करायची असते. त्याच्याकडे सुट्टी नाही, ॲप नाही, झोपेत एक कपही विकला जात नाही. तरी त्याच्या तोंडी मोटिव्हेशन हा विषय कधी निघत नाही, कारण दिवसभर कुणी ना कुणी त्याच्याशी बोलत असतं. "काय शेठ, आज आलं जास्त पडलंय" म्हणून कुणी टोकतं, काल टपरी बंद असली तर आज दहा जण विचारतात, "कुठं होतात?" मशीन चार दिवस बंद असलं तर मशीनशेठला कुणी असं विचारत नाही. गिऱ्हाईक काचेवर एक टिचकी मारतं आणि टपरीवर येतं.

एकदा तो वैतागून मशीनं विकायची जाहिरात टाकतो. रविवारी सकाळी एक तरुण येतो. आयटीतला, माणसांना कंटाळलेला, आणि येतानाच जपान घेऊन आलेला. मशीनशेठ त्याला समोर बसवून सगळं सांगतो: कुठल्या स्प्रिंगेत कुठलं पाकीट अडकत नाही, रेंज गेली की काय करायचं, मुंग्या कुठून शिरतात, प्लगवर खोका बसवून कुलूप कसं लावायचं, परीक्षेच्या आठवड्यात काय दुप्पट भरायचं. बोलता बोलता पोह्यांच्या दोन बश्या आणि तीन चहा होतात. (पोहे मुद्दाम केलेले; पाहुण्यासमोर बार ठेवायला बायकोने या खेपेला साफ नकार दिलेला असतो.) दुपारी तरुण उठतो तेव्हा मशीनशेठचे डोळे चमकत असतात. "विकायचा विचार जरा लांबणीवर टाकतोय," तो म्हणतो, आणि संध्याकाळी डिकी भरून हिंजवडीला जातो. चारचं बटणही त्याच आठवड्यात दुरुस्त होतं.

झोपेत पैसे मिळवून देणारा धंदा निघू शकतो, तो निघालाही आहे. त्यात जागेपणी करमत नाही, एवढीच अडचण आहे. हे कुठलाही टपरीवाला फुकट सांगेल, पण आपल्याकडे दीड-दोन लाख घातल्याशिवाय ते कुणाला पटत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या ऑफिसात, हॉस्पिटलात, मुलीच्या होस्टेलवर असं एखादं मशीन उभं असेलच. त्यावर तक्रारीचा नंबर असतो. पाकीट नीट पडलं, पैसे नीट कटले, पाल दिसली नाही, अशा एखाद्या दिवशी तो फिरवा आणि म्हणा, "शेठ, काही नाही, चिक्की मिळाली, सांगायला फोन केला." पलीकडचा माणूस आधी संशयाने विचारेल, "लटकलीय का?" नाही म्हणून सांगा आणि दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोला. दुसऱ्या दिवशी मशीन वरपासून खालपर्यंत भरलेलं मिळेल. खजूर-बार मात्र तारीख बघून घ्या.