आवक-जावक

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सनकाका राहतात. सन म्हणजे इसवी सनातला सन. त्यापुढे 'की' लावायचा की नाही, हे इमारतीतल्या प्रत्येकाने आपापल्या अनुभवावरून ठरवलेलं आहे.

काकांनी उभी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळण्यात घालवली. निवृत्तीच्या दिवशी बारनिशी टेबलावर राहिली, सवय मात्र घरी आली. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक आवक तारीख असते आणि एक जावक तारीख; या दोन तारखांच्या बाहेर वस्तू दिसली की ती बोगस, हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते राबवायला त्यांना एकच जागा सापडली आहे: जुन्या काळावरचा सिनेमा.

अशा सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर गाव आणि साल लिहून येतं. तेवढा वेळ काका डोळे गच्च मिटून घेतात. शब्दकोडं सोडवण्याआधी उत्तर बघणारा माणूस त्यांच्या लेखी लाचखाऊ. "गेली का पाटी?" असं विचारून, काकूंनी "गेली" म्हटल्यावरच ते डोळे उघडतात आणि कामाला लागतात.

परवा जुन्या मुंबईवरचा एक सिनेमा लागला होता. मी साखर मागायला गेलो आणि अडकलो.

"ट्राम आली बघ. आवक १८७४, पण तेव्हा तिला घोडे होते. घोडे दिसतायत? नाहीत. म्हणजे विजेची, १९०७ नंतरची. जावक ३१ मार्च १९६४."

मागून बस गेली. "बेस्टची बस. १९२६ च्या आधीचं सगळं बाद."

तेवढ्यात नायिका धावत इराण्याच्या हॉटेलापाशी आली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळलं नाही, कारण काका टीव्हीला नाक लावून तिच्या मागचा दरफलक वाचत होते. "चहा बारा नवे पैसे! नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, आणि त्यांच्यातलं 'नवे' गळालं १९६४ ला. झालं! १९५७ ते ६४." मग खुर्चीत टेकून त्यांनी शांतपणे विचारलं, "ही का रडतेय?"

"नवरा गेला तिचा," काकू म्हणाल्या.

"कधी?"

"तुम्ही बस बघत होतात तेव्हा."

काका नाराज झाले. त्यांना साल हवं होतं.

काका नटांकडे सहसा बघत नाहीत. नटांना कपडेपट असतो, दिग्दर्शक असतो. ते पढवलेले साक्षीदार. खरी साक्ष देतो तो मागचा झाडझाडोरा. शिवकाळावरच्या एका मालिकेत गनीम खिंडीत शिरला, आम्ही सगळे श्वास रोखून बसलो, आणि काका ओरडले, "गाजर गवत!" मावळे ज्या झुडपांत दबा धरून बसले होते, ते गवत पुण्यात लोकांच्या नजरेस आलं १९५० नंतर. पेशवाईच्या सिनेमात वाड्यापुढे गुलमोहर फुललेला दिसला की त्यांना घाम फुटतो. पेशवाई बुडाली १८१८ ला. मादागास्करचा गुलमोहर जगाला माहीत झाला त्यानंतर. स्वयंवराच्या मंडपाला झेंडूची तोरणं दिसली, तेव्हा "झेंडू मेक्सिकोचा!" एवढंच म्हणून ते उठून गॅलरीत गेले. पुढच्या दसऱ्याला काकूंनी दाराला तोरण लावताना मुद्दाम विचारलं, "लावू ना? का मेक्सिकोला विचारायचं?"

'लगान' त्यांनी २००१ साली थिएटरात पाहिला, ती हकिगत काकूच सांगतात. भुवनने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, अख्खं थिएटर उभं राहून नाचायला लागलं. काका बसूनच. सिनेमातलं साल १८९३, आणि इंग्रजांच्या नियमात तेव्हा षटक पाच चेंडूंचं. सहा झाले १९०० पासून. "षटक मघाशीच संपलंय," काका शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणाले. "लगान भरावाच लागणार." गृहस्थांनी मध्यंतरात घेतलेले पॉपकॉर्न त्यांच्यापुढे केले होते, ते परत ओढून घेतले.

काकांना या घरात एकच तोड आहे. एकदा सतराव्या शतकातल्या राणीसाहेबांच्या दंडावर त्यांना देवीच्या लशीचा गोल वण दिसला. "मुंबईत ही लस पहिल्यांदा टोचली १८०२ ला! राणीसाहेबांना कुणी टोचली?" काकू भाजी निवडत होत्या. मान वर करून त्यांनी एकदाच बघितलं. "सिनेमा साठ ते सत्तरच्या मधला," त्या म्हणाल्या. "काजळाचं टोक बघा, कानाला भेटायला निघालंय. राणी असो नाहीतर जोगीण, त्या दहा वर्षांत सगळ्यांचे डोळे तसेच." गोष्ट कुठल्या सालातली ते काकांना कळतं, ती कुठल्या सालात सांगितली ते काकूंना.

मागच्या वर्षी आमच्याच गल्लीत शूटिंग आलं. रेशनच्या रांगेचा प्रसंग, १९७२ चा उन्हाळा. काका सकाळी सातलाच हजर. दुकानाच्या पाटीवर 'पुणे ४११०३०' रंगवलेलं होतं.

"उन्हाळा म्हणालात ना?" त्यांनी दिग्दर्शकाला गाठलं. "पिन कोड आला १५ ऑगस्टला. पुसा. 'पुणे ३०' लिहा."

पोराने पाटी खरोखर पुसली. दुपारपर्यंत काकांनी प्लास्टिकची बादली घालवली, एका बाईच्या दंडावरची पर्स घालवली, भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं ("ते १९७३ पासून!"). शेवटी त्यांना गप्प बसवायचा एकच उपाय दिग्दर्शकाला सुचला. त्याने काकांच्या डोक्यावर टोपी ठेवली, हातात पिशवी दिली आणि त्यांना रांगेत उभं केलं.

सिनेमा लागला तेव्हा इमारतीने दोन ओळी भरल्या. रेशनचा प्रसंग आला. दिग्दर्शक हुशार, त्याने चेहरे दाखवलेच नाहीत. कॅमेरा जमिनीलगत रांगेतल्या पायांवरून सरकत गेला. अनवाणी पाय. टायरच्या चपला. अंगठा तुटलेली कोल्हापुरी. शिसवी रंगाच्या भेगाळलेल्या टाचा. आणि मग, पडदाभर, जाड रबरी तळव्याची, वेलक्रोच्या तीन पट्ट्यांची, करकरीत सँडल.

थिएटरात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. लोक हळहळत होते, पुढे कुणीतरी नाक ओढलं. काकांनी मात्र गच्च डोळे मिटले होते. पाटी नसताना, पहिल्यांदाच.

काकू त्यांच्या कानाशी झुकल्या. "आवक?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग अंधारातून अगदी बारीक आवाजात आलं, "गेल्या दिवाळीत. लक्ष्मी रोड."