रात्री आठनंतरची संस्कृती

मंगळवारी वेरूळला येऊ नका, लेणी बंद असतात. सोमवारी अजिंठ्याला जाऊ नका, त्यांची सुट्टी सोमवारी. बाकी कुठल्याही दिवशी कॉलेज बुडवून या, पुरातत्त्व खात्याची काही हरकत नाही. फक्त सूर्य मावळायच्या आत बाहेर पडा. जिल्ह्यातल्या मुलींच्या वसतिगृहांनी आपली वेळ बहुतेक इथूनच उचलली असावी.

परवा पुन्हा एका बैठकीत ते वाक्य ऐकलं: 'तरुण पिढी सांस्कृतिक कार्यक्रमांना येतच नाही हो.' वाक्य म्हणणारे गृहस्थ सोफ्यावर, बिस्कीट बशीत, आणि बैठकीत पंचेचाळिशीच्या आतला एकच माणूस. तो चहा देत होता. आम्ही वेरूळचे रस्त्याकडेचे लोक. ही न येणारी पिढी आम्हाला दर शनिवार-रविवारी दिसते. एका गाडीवर तिघं, हेल्मेट आरशाला. काही एसटीनं येतात. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून ग्रुपमधल्या मुली 'बसनंच जाऊ' म्हणतात आणि मुलं 'गाडीच बरी' म्हणतात. घृष्णेश्वराला हात जोडायचे, भजी खायची, आणि पाऊस असला तर सीता न्हाणीचा धबधबा. एवढ्यावर बहुतेकांचा रविवार साजरा होतो. मालोजीराजांची गढी याच गावात आहे, हे त्यांना परतताना पाटी दिसली की कळतं.

मधल्या वेळात सोळावं लेणं, म्हणजे कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात कळसापासून पायाकडे, वरून खाली कोरलेलं देऊळ. आमच्या पोरांनीही कोन बरोब्बर वरूनच शोधलाय. कड्यावर चढून रील काढतात. खाली अंगणात सोंड तुटलेल्या हत्तीजवळ गेल्या रविवारी एक मुलगी ओढणी हवेत सोडत होती, मित्र तिपाई लावत होता, आणि पहारेकरी शिट्टी फुंकत आला. तिपाईला इथे परवानगी लागते.

'काका, पाचच मिनिटं.'

'पाच मिनिटांत तुमची रील होती, आन् माझी नोकरी जाती.'

ओढणी खाली आली. तिपाई मिटली. मग मित्रानं मोबाइल त्याच काकांच्या हातात दिला आणि काकांनी, इकडेतिकडे बघून, काढून दिली. थोडी हलली असेल, पण शहरातल्या कुठल्याही सांस्कृतिक समितीनं या दोघांना एवढं सहकार्य केलेलं नाही.

खरं तर ही सगळी टाइमपासची परंपरा दगडातच आहे. चौदाव्या लेण्यात जा. शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसलेत. एकविसाव्यात महादेवाचं नृत्य चाललंय आणि भोवती वादक मंडळी रंगात आलीत. या कार्यक्रमाला हजाराहून जास्त वर्षं झाली. प्रायोजकाचा फलक कुठे दिसत नाही, आणि सत्कारात शाल घेतलेलं कुणी कोरलेलं नाही.

आता महोत्सवाकडे वळू, कारण त्याच्या नावात आम्ही आहोत. वेरूळ-अजिंठा आंतरराष्ट्रीय महोत्सव. भरतो छत्रपती संभाजीनगर शहरात, सोनेरी महालाच्या आवारात, विद्यापीठाच्या शेजारी. म्हणजे वेरूळपासून तीस किलोमीटर आणि अजिंठ्यापासून शंभर. पूर्वी तो कैलास लेण्यासमोर व्हायचा. मागे कैलास, पुढे नृत्य, असं वर्णन गावातली जुनी माणसं अजून करतात, आणि दरवर्षी त्यात चांदणं थोडं वाढतं. सोनेरी महालही काही कमी देखणा नाही. सतराव्या शतकातली बुंदेल्यांची वास्तू, मागे डोंगर. तक्रार जागेबद्दल नाहीच.

तक्रार तारखेबद्दल आहे. 2016 च्या महोत्सवानंतर पुढचा महोत्सव झाला तो थेट फेब्रुवारी 2023 मध्ये. अकरावी-बारावीची दोन, पदवीची तीन. हिशेब मधल्या पाच शैक्षणिक वर्षांत बरोबर बसतो. म्हणजे या शहरात एक अख्खी तुकडी अशी आहे, जी अकरावीला दाखल झाली, पदवीधर होऊन अभ्यासिकेत एमपीएससीच्या टेबलाला चिकटली, आणि तिच्या साऱ्या कॉलेजजीवनात शहराचा सर्वांत मोठा महोत्सव एकदाही झाला नाही. तरुण येत नाहीत! यायला महोत्सव तरी जागेवर हवा ना.

2023 नंतर गाडी रुळावर आली. 2024 ला झाला, 2025 ला झाला. चांगलं झालं. कलाकार मोठे, दिवे झकास. पण सरकारी महोत्सवाची बैठक कुठेही बघा, आराखडा तोच. आधी सोफे. मग पांढऱ्या खोळीच्या खुर्च्या. मग बिनखोळीच्या. मग बांबू. बांबूच्या पलीकडे युवाशक्ती. सोफ्यावरचे निम्मे लोक दुसऱ्या रागाआधी उठतात, कारण त्यांना 'पुढे एक कार्यक्रम' असतो. रिकामा सोफा मात्र बांबूपलीकडच्याला मिळत नाही. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते. शेवटच्या तानेपर्यंत तो सोफा एकटाच शास्त्रीय संगीत ऐकतो.

याउलट जानेवारीतला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. त्यातही आम्ही फक्त नावापुरते, भरतो प्रोझोन मॉलच्या पडद्यांवर. 2025 मध्ये दहावा झाला, सई परांजपे यांना पद्मपाणी पुरस्कार दिला. त्याचं मला एका साध्या कारणासाठी कौतुक आहे: खेळ सकाळी सुरू होतात. दुपारी असतात. मुलगी सकाळी सिनेमा बघते, दुपारी दुसरा बघते, दिग्दर्शकाला उभं राहून प्रश्न विचारते आणि गेट बंद व्हायच्या आत हॉस्टेलवर हजर. मॉलमध्ये एरवी नुसतं सरकत्या जिन्यावर खालीवर करणारी पोरं त्या पाच दिवसांत उपशीर्षकं वाचत बसतात. पॉपकॉर्नचा भाव आंतरराष्ट्रीय असतो, ते सोडा. घरून चिवडा आणणाऱ्यांचा एक भूमिगत पंथ तिथे तयार झालाय आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.

म्हणजे प्रश्न आवडीचा नाही, घड्याळाचा आहे. या शहराचं सांस्कृतिक धोरण मुंबईला मंत्रालयात ठरत नाही आणि जिल्हाधिकारी कार्यालयातही ठरत नाही. ते वसतिगृहाच्या गेटवरचा वॉचमन ठरवतो. त्याच्याकडे रजिस्टर आहे.

आणि हे कोणत्या शहरात? जिथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात लक्ष्मण देशपांडे शिकवत होते. एक माणूस, बावन्न पात्रं, आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. जिथून चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांची नाट्यसंस्था 'जिगीषा' मुंबईला गेली आणि मुंबईनं पुढे त्यांना आपलंच म्हटलं. जिथे पन्नासच्या दशकात मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी प्राचार्य म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' केलं, तेव्हा प्रेक्षकांत स्वतः बाबासाहेब आंबेडकर होते. पोरांच्या नाटकाला असा प्रेक्षक! आजकाल पोरांच्या नाटकाला परीक्षक तीन, कॅमेरेवाला एक आणि पुढच्या एन्ट्रीची वाट बघणारी दुसऱ्या कॉलेजची टीम.

विद्यापीठाचा युवक महोत्सव एकदा कुणीतरी सोफेवाल्यांना सक्तीनं दाखवला पाहिजे. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव अशा चार जिल्ह्यांची पोरं येतात. एका बाजूला पोवाडा, एका बाजूला आंबेडकरी जलसा, मधे मूकाभिनय करणारा पांढऱ्या तोंडाचा मुलगा पाण्याची बाटली शोधत हिंडतोय. बीडकडची एक मुलगी झाडाखाली भारूड घोकत होती. डोक्यावर पदर, कपाळाला बुक्का, पायात स्पोर्ट्स शूज. मधेच थांबून तिनं आईला फोन लावला, 'हौ गं, जेवले', आणि फोन ठेवून पुन्हा संत एकनाथांच्या ओळीवर, सूर तिथूनच. जेवली नव्हती, हे तिच्या मैत्रिणीच्या तोंडावरून दिसत होतं. नाथांच्याच नावाचं शहरातलं रंगमंदिर दुरुस्तीपायी वर्षानुवर्षं बंद होतं, पण नाथांनी भारुडं रचताना रंगमंदिराची वाट पाहिली नव्हती आणि या मुलीनंही पाहिली नाही. हिला रंगमंच वर्षातून एकदा, तालीम झाडाखाली. बाकीचे दिवस वर्गात 'प्रतिनिधित्व केले' असं प्रमाणपत्र.

आता या सगळ्या समित्यांना मी एक कार्यक्रम दाखवतो. आठवड्याचा, रात्रीचा, तरुणांनी तुडुंब भरलेला. श्रावणातला शुक्रवार. रात्री शहरातून पोरापोरींचे जथे निघतात ते चालत. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, देवगिरी किल्ल्याला डाव्या-उजव्या हाताला घालत खुलताबाद. पंचवीसेक किलोमीटर. पहाटे भद्रा मारुती. पास नाही, निमंत्रणपत्रिका नाही, 'आपली आसने ग्रहण करावीत' नाही. रस्त्याकडेला कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी साबुदाण्याची खिचडी. कुणाच्या खिशात गाणी वाजतात, कुणी पाय दुखल्यावर मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकतं, आणि प्रेमप्रकरणं म्हणाल तर त्या रस्त्यावर जुळलेल्या सोयरिकी मला माहीत आहेत. पोलीस बंदोबस्तात, वाहतूक वळवलेली. आईवडील रात्री दोन वाजता फोन करून विचारतात, 'किल्ला आला का?', आणि निवांत झोपतात. इतकं चालून पोचल्यावर देव कसा? भद्रा मारुती निद्रिस्त आहे. सगळं शहर जागं, आणि यजमान आडवा. आमच्या जिल्ह्यातला हा एकमेव आयोजक, जो भाषणही करत नाही आणि फोटोतही मधे येत नाही.

भाविकांनी रागावू नये. मी स्वतः चाललोय, आणि खिचडी दोनदा घेतलीय. मला एवढंच विचारायचंय की हीच मुलगी, हाच रस्ता, हीच रात्र असताना तिनं 'देवाला चाललेय' म्हटलं की सगळ्या घड्याळांचे काटे मऊ होतात, आणि 'सतार ऐकायला चाललेय' म्हटलं की साडेआठलाच आपल्याला समाज, जमाना आणि जबाबदारी कशी आठवते? नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत रात्री अकराला आकाशपाळण्यात बसलेली ती चालते. जानेवारीच्या चौदा तारखेला, नामविस्तार दिनी, विद्यापीठ गेटसमोर पुस्तकांच्या गर्दीत आणि भीमगीतांत उभी असते, तेव्हाही कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते फक्त खुर्ची मांडलेल्या, तिकीट किंवा पास लागणाऱ्या, 'अभिजात' म्हणवणाऱ्या कार्यक्रमाला. आणि मग तोच अभिजात कार्यक्रम तक्रार करतो की तरुण नाहीत.

उपाय काही मोठा नाही. कार्यक्रम साडेपाचला सुरू करा आणि साडेपाचलाच सुरू करा. सत्कार शेवटी ठेवा. ज्याला शाल हवी तो थांबेल. कार्यक्रम संपला की सुटणारी एक बस लावा, जी गेट बंद व्हायच्या आत वसतिगृहांच्या दारापर्यंत जाईल. शहरबस आहे, चालक आहेत, डिझेलही मिळतं. या सूचना मी एका आयोजकांना ऐकवल्या. त्यांनी वहीत लिहून घेतल्या आणि म्हणाले, 'पण पाहुणे साडेपाचला येत नाहीत ना.'

मग एका कॉलेजात काय झालं ते सांगतो, नाव विचारू नका. वरून निरोप आला: महोत्सवाच्या उद्घाटनाला शंभर मुली पाठवा, पारंपरिक वेशात, पाच वाजता. खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत, कॅमेरे आहेत. मुली नऊवारीत पाचला हजर. पाहुणे सव्वासातला. तोवर फोटोग्राफरनं सगळ्या कोनांतून 'तरुणाईचा उदंड प्रतिसाद' टिपून घेतला. गेट साडेआठचं, म्हणून रेक्टर मॅडमनी आधीच लेखी परवानगी दिली होती. शब्द असे: 'दीपप्रज्वलन व मान्यवरांची मनोगते होईपर्यंत उपस्थित राहण्यास हरकत नाही.' मनोगतं आटोपली, तंबोरे लागायला लागले, आणि मुलींची बस सुटली.

बसमध्ये एकीनं विचारलं, 'मॅडम, गाणं ऐकायचं असेल तर काय करायचं?'

'नवस बोल,' मॅडम म्हणाल्या, 'आणि श्रावणात चालत जा.'