परभणीतील ‘जमतंय’

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ या उक्तीचा अर्थ कोणी कसाही लावो, स्थानिक खानावळींविषयीच्या अभिप्रायशास्त्राचे मूलसूत्र म्हणून ती स्वीकारण्यास हरकत नसावी. कारण येथील जेवणारा भाजीला क्वचितच चांगली वा वाईट म्हणतो, तो ‘जमतंय’ म्हणतो, आणि या एकाच क्रियापदात फुकटचा कांदा व न मागता पुन्हा वाढलेली तर्री, म्हणजे रश्श्यावर तरंगणारा तिखट तेलाचा तवंग, यांचा हिशेब सामावलेला असतो. ‘फॅमिली रूम’, अर्थात पडदा टांगलेला चिंचोळा कप्पा, असलेल्या हॉटेलास तर घास घेण्यापूर्वीच प्रतिष्ठा लाभते.

भाकरीची अवस्था मात्र अधिक अभ्यसनीय आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या एका वाणाला ‘परभणी मोती’ असे नाव दिले. त्याच शहरात भाकरी ‘ऑर्डर दिल्यास’ आणि पनीर बटर मसाला विनाविलंब मिळतो. घरी रोज भाकरी खाणारा कुटुंबप्रमुख बाहेर पडतो तो तंदुरी रोटीसाठी, तर पुण्याहून आलेला त्याचा धाकटा भाऊ (ही पोटजात दिवाळीच्या सुट्टीत आढळते) भाकरी-ठेच्यासाठी अडून बसतो. दोघांचेही मत अखेरीस ‘जमतंय’ हेच पडते. एकमत होत नाही ते बिल कोणी द्यावे यावर, आणि तोवर बडीशेपेची वाटी रिकामी झालेली असते.