टॉवर एक, बिलं दोन

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबांस,


मोबाइल डेटा आणि घरचं बिनतारी इंटरनेट, दोन्ही येतात एकाच टॉवरवरून. फोनमध्ये सिम असतं, तसंच घरच्या राउटरच्या डब्यातही असतं. फोन हिंडतो, डबा एका जागी बसतो. बसून असल्यामुळे त्याला मोठा अँटेना परवडतो, वीज प्लगमधून मिळते आणि सगळ्या घराला वाय-फाय वाटण्याचं काम त्याच्याकडे येतं.

टॉवरकडून येणाऱ्या ६००-७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीही ओलांडतात, पण वेग बेताचाच देतात. ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वेगवान, पण भिंतीपाशी अडखळतात. अमेरिकेतल्या नव्या खिडक्यांच्या काचांवर ऊब टिकवणारा धातूचा पातळ थर असतो, तोही लहरी अडवतो. तरी भिंतीपेक्षा खिडकी बरी, म्हणून डबा टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवायचा. थंडीत तुळस घरात आली की तिलाही नेमकी तीच खिडकी लागते. एडिसनला सध्या कुंडी पुढे आणि डबा मागे आहे. ओली माती रेंजला मानवत नाही, हे सूनबाईंच्या कानावर घालायला अजून कोणी पुढे आलेलं नाही.

टॉवरची क्षमता ठरलेली असते. गर्दी झाली की अमेरिकेतल्या काही कंपन्या फोनवाल्यांना आधी वाढतात. घरचे डबे दुसऱ्या पंगतीला. तुमचा साताऱ्यातला सकाळी साडेसहाचा चहा म्हणजे उन्हाळ्यात एडिसनचे रात्रीचे नऊ. सगळी आळी सिनेमा बघत बसलेली असते ती हीच वेळ. शिवाय टॉवर बराचसा वेळ डाउनलोडला देतो, अपलोडला थोडाच. त्यामुळे एडिसनला आजोबा लख्ख दिसतात आणि साताऱ्याला नातू आ वासून थिजलेला. त्याच्या टॉन्सिल्सची काळजी नसावी.

सगळंच खापर टॉवरवर फोडण्यात अर्थ नाही. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि मायक्रोवेव्ह जवळजवळ एकाच लहरीवर चालतात. आमटी गरम होईतो बोलणं तुटू शकतं. राउटर ५ गिगाहर्ट्झवर घेतला की हा त्रास टळतो. मात्र तो पट्टा दोन भिंतींपलीकडे दमतो.

आता साताऱ्याचा हिशेब. मोबाइलच्या पुष्कळ प्लॅनमध्ये रोज दीड-दोन जीबी मिळतात. एचडी मालिका तासाला सुमारे ३ जीबी खाते, म्हणजे दीड जीबीत जेमतेम अर्धा तास. खलनायिकेचं कारस्थान उघडकीला येण्याआधीच कोटा संपतो. घरच्या बिनतारी इंटरनेटपैकी जिओ एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू झालं. तेव्हाचा सर्वांत स्वस्त प्लॅन महिना ५९९ रुपये अधिक जीएसटी, वेग ३० एमबीपीएस. अशा जोडणीत गच्चीवर अँटेना बसतो आणि तिथून तार घरातल्या राउटरला येते. अँटेनासमोर ओली गोधडी वाळत घालू नये.

वीज गेली की राउटर बंद पडतो. टॉवरला बॅटरी असते, म्हणून फोन चालत राहतो. तेव्हा घरी जोडणी घेतली तरी फोनचं रिचार्ज थांबवू नये, फक्त स्वस्तातलं करावं. आळीत फायबरची तार आली असेल तर ती पहिली पसंती, कारण तिला गर्दी आणि भिंती कमी बाधतात. तार नसेल तर एअरफायबर. आणि दिवसभरात व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभातापलीकडे काही लागत नसेल, तर मोबाइलचा दीड जीबी पुरून उरतो.

बाकी क्षेम.

आपली,
एडिसनची मंडळी