चापकाका

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या शेजाऱ्यांना नाव आहे, पण आमच्या घरात ते पहिल्या भेटीपासून चापकाका. दिवाळीचे शंकरपाळे द्यायला गेलो होतो. काकांनी डबा बाजूला सारला, कपाटातून मार्लिन 336 रायफल काढली, लिव्हर उघडून ती रिकामी असल्याचं दोनदा दाखवलं आणि चाप बोटाने हलवला. "बघितलंत? लोंबतोय!"

हेच त्यांचं दुखणं. या रायफलीत चाप आणि घोडा अडवून धरणारा सिअर हे दोन वेगळे तुकडे, त्यामुळे चाप सैल हलतो. 1948 पासून ही रायफल अशा लोंबत्या चापानेच हरणं पाडत आली आहे. हरणांची काही तक्रार नाही. काकांना मात्र झोप लागेना. त्यांनी एकसंध चाप मागवून बसवला.

एवढ्यावर थांबले असते, तर मी हे लिहिलं नसतं. चाप सुधारला आणि बाकीचं सगळं जुनाट दिसू लागलं. घरात एक खोली रंगवली की होतं ना, तसं. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं रेटणारा प्लास्टिकचा फॉलोअर गेला, स्टीलचा आला. दोन तुकड्यांची फायरिंग पिन गेली, अखंड आली. स्प्रिंगा बदलल्या. 'स्टेजकोच' चित्रपटात (1939) जॉन वेन मोठ्या कड्याची लिव्हर गरकन फिरवतो. त्याची विंचेस्टर होती, पण काकांनी मार्लिनलाही तसलं कडं बसवलं. फिरवली एकदाच. गॅरेजमधली ट्यूबलाइट अजून लावायची आहे.

त्यांच्याकडे चाप ओढायला लागणारा जोर मोजायचा काटा आहे. सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलो, जोर लागायचा तो त्यांनी तीन पौंडांवर आणला. सराफाने गुंज मोजावी तसे ते औंस मोजतात. मला आमच्या पुण्याच्या मामाची आठवण येते. त्याची लँब्रेटा चाळीच्या जिन्याखाली कायम उघडलेली असे आणि मामा ऑफिसला बसने जाई.

हरणांच्या रायफल शिकारीचा हंगाम आमच्याकडे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. शुक्रवारी रात्री काकांनी "शेवटचा हात फिरवायला" रायफल खोलली. टिच्च! शेंगदाण्याएवढी स्प्रिंग उडाली. मध्यरात्रीपर्यंत काका गुडघ्यांवर, हातात लोहचुंबक; मी बॅटरी धरून. पहाटे काकू भगवं जाकीट चढवून बाहेर पडल्या. खांद्याला त्यांच्या वडिलांची 336, एक स्क्रूही न हललेली.

दहाच्या सुमारास त्या परतल्या. ट्रकमध्ये आठ फाट्यांच्या शिंगांचा नर.

काकांनी हरणाकडे पाहिलंही नाही. सासऱ्यांची रायफल हळुवार हातात घेतली, रिकामी असल्याची खात्री केली, चापाला काटा अडकवला आणि वैद्याने नाडी पाहून सुस्कारा टाकावा तसा टाकला.

"सहा पौंड! आणि लोंबतोय! अगं, एक रविवार दे मला फक्त."

काकूंनी रायफल काढून घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली तेव्हापासून त्यांच्या गळ्यात असते.